कॅथलिक शाळेवर चर्चच्या शिक्षण मंडळाचा हुकूम किती चालतो?

प्रश्न असा आहे : कॅथलिक शाळांवर देखरेख ठेवणारं चर्चचं मंडळ प्रत्यक्षात काय करतं, शाळेला त्याचं ऐकावंच लागतं का, आणि मुख्याध्यापक दाद देत नसतील तर पालकांनी किंवा शिक्षकांनी तिथे तक्रार न्यावी का? अशा मंडळाच्या कार्यालयात मी बरीच वर्षं काम केलं आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

बहुतेकांच्या डोक्यात एक चित्र असतं. वर रोम (म्हणजे पोपांचं मुख्यालय), त्याखाली बिशप, त्याखाली मंडळ आणि सगळ्यात खाली शाळा. वरून आदेश निघाला की खाली अंमल. प्रत्यक्षात जगभरात २ लाखांहून जास्त कॅथलिक शाळा आहेत आणि रोम त्यांतल्या एकीचंही वेळापत्रक ठरवत नाही. तिथला संस्कृती आणि शिक्षण विभाग (२०२२ मध्ये दोन जुने विभाग एकत्र करून तो तयार झाला) तत्त्वं मांडणारे दस्तऐवज काढतो आणि वाद वर गेले तर अपिलं ऐकतो. शाळेचा खरा संबंध येतो तो बिशपशी आणि त्यांच्या वतीनं काम पाहणाऱ्या मंडळाशी. तो संबंधही प्रत्येक शाळेच्या बाबतीत सारखा नसतो.

म्हणून माझ्याकडे कोणी गाऱ्हाणं घेऊन आलं की मी आधी विचारायचो, शाळा कोणाची? लोक म्हणायचे, ‘चर्चची’. हे काही उत्तर झालं नाही. काही शाळा धर्मप्रांताच्या (एका बिशपांच्या अखत्यारीतला प्रदेश) किंवा एखाद्या धर्मग्रामाच्या (त्यातल्या एका चर्चचा परिसर) असतात. तिथे बिशप हे एका अर्थानं मालकाच्या जागी असतात, आणि मंडळ मुख्याध्यापक नेमतं, बदली करतं, हिशेब मागतं. दुसऱ्या शाळा धर्मसंघांच्या, म्हणजे व्रत घेतलेल्या फादर, ब्रदर किंवा सिस्टरांच्या संघटनांच्या. जेज्वीट, सालेशियन, वेगवेगळ्या सिस्टरांचे संघ. त्यांची जमीन, विश्वस्त संस्था, नेमणुका, पैसा, सगळं संघाच्या हातात आणि वरची साखळी संघाच्या प्रांतप्रमुखाकडे जाते. तिसऱ्या प्रकारात सामान्य कॅथलिक लोकांनी मिळून चालवलेल्या शाळा येतात. व्रतस्थांची संख्या घटल्यामुळे अनेक संघांनी आपल्या शाळा अशा विश्वस्त संस्थांकडे सोपवल्या. आयर्लंडमध्ये हे मोठ्या प्रमाणावर झालं. फाटकावर क्रूस तिन्ही ठिकाणी दिसतो, पण मंडळाच्या पत्राचं वजन तिन्ही ठिकाणी वेगळं असतं.

आता चर्चचा कायदा काय सांगतो ते पाहू. सध्याची कॅनन लॉ संहिता १९८३ ची. तिच्यात शाळांबद्दल कलमं थोडीच आहेत आणि बिशपांचे अधिकारही मोजकेच आहेत. कलम ८०३ नुसार सक्षम धर्माधिकाऱ्यांच्या संमतीशिवाय कोणतीही शाळा स्वतःला कॅथलिक शाळा म्हणवू शकत नाही, मग ती आचारविचारानं कितीही कॅथलिक असो. कलम ८०५ प्रमाणे धर्मशिक्षण देणारे शिक्षक नेमण्याचा किंवा त्यांना मान्यता देण्याचा आणि श्रद्धा वा आचरणाच्या कारणावरून त्यांना काढण्याचा अधिकार बिशपांना आहे. कलम ८०६ बिशपांना आपल्या प्रदेशातल्या सर्व कॅथलिक शाळांना भेट देण्याचा आणि सर्वसाधारण नियम घालून देण्याचा हक्क देतं. धर्मसंघांच्या शाळाही त्यात येतात, पण त्यांच्या अंतर्गत कारभाराची स्वायत्तता राखून. याच कलमाच्या दुसऱ्या भागाकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. कॅथलिक शाळेतलं शिक्षण परिसरातल्या इतर शाळांच्या निदान बरोबरीचं असलं पाहिजे आणि बिशपांनी त्यावर लक्ष ठेवलं पाहिजे, असं तिथे म्हटलं आहे. म्हणजे गणिताचा निकाल घसरला तर तोही मंडळाच्या कामाचा विषय झाला. ‘आम्ही फक्त मूल्यशिक्षण बघतो’ असं सांगणाऱ्या मंडळाला हे कलम खुशाल दाखवा.

यातलं ‘अंतर्गत कारभाराची स्वायत्तता’ हे शब्द सगळ्यात जास्त भांडणं लावतात. गणवेश, फी, सहलीची परवानगी, गणिताला कोणते शिक्षक हे अंतर्गत, यावर वाद नाही. पण धर्मशिक्षण न देणाऱ्या शिक्षकाचं खासगी आयुष्य अंतर्गत की नियमांच्या कक्षेतलं? अमेरिकेतल्या इंडियानापोलिसमध्ये २०१९ साली नेमका हाच प्रश्न उभा राहिला. एका शाळेतल्या शिक्षकानं दुसऱ्या शाळेतल्या शिक्षकाशी समलिंगी विवाह केला होता. आर्चबिशपांच्या कार्यालयानं दोन्ही शाळांना त्यांचे करार संपवायला सांगितलं. कॅथीड्रल हायस्कूलनं ते मान्य केलं आणि आपला कॅथलिक दर्जा राखला. ब्रेबफ ही जेज्वीटांची शाळा. तिनं नकार दिला. हा आमच्या संघाच्या कारभारातला निर्णय आहे, अशी तिची भूमिका होती. आर्चबिशपांनी तिचा कॅथलिक दर्जा काढून घेतला, जेज्वीट रोमकडे अपिलात गेले आणि तिथल्या शिक्षण विभागानं सुनावणी होईपर्यंत तो आदेश स्थगित ठेवला. एकाच शहरात, एकाच आर्चबिशपांच्या हाताखाली दोन शाळांचे दोन वेगळे निर्णय झाले, आणि त्यामागचं एक मोठं कारण म्हणजे दोघींची मालकी आणि वरची साखळी वेगळी होती.

२०२२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरला आणखी एक प्रकरण घडलं. नेटिव्हिटी या शाळेनं ‘ब्लॅक लाइव्ज मॅटर’ (कृष्णवर्णीयांच्या हक्कांची चळवळ) आणि प्राइड (समलिंगी व इतर लैंगिक अल्पसंख्याकांचा) असे दोन झेंडे लावले होते. बिशपांनी ते उतरवायला सांगितलं, शाळेनं ऐकलं नाही, तेव्हा बिशपांनी तिचा कॅथलिक दर्जा काढला आणि तिच्या आवारात मिस्सा (चर्चची मुख्य उपासना) करण्यास मनाई केली. शाळा मात्र चालूच राहिली. तिची इमारत, तिचे देणगीदार, तिचं विश्वस्त मंडळ, काहीही बिशपांच्या ताब्यात नव्हतं.

या प्रकरणांत कोण बरोबर यावर मतं जोरदार आहेत आणि माझंही आहे, पण ते इथे गैरलागू. कामाच्या दृष्टीनं लक्षात घेण्यासारखं हे की, जी शाळा मंडळाच्या मालकीची नाही तिच्याविरुद्ध मंडळाजवळ शेवटचं हत्यार एकच उरतं, आणि ते एकदा वापरलं की हातात काहीच राहत नाही. दर्जा काढलेल्या शाळेवर देखरेख तरी कशी करणार? म्हणून जाणती मंडळं ते हत्यार वापरत नाहीत. फोन करतात, भेटतात, प्रांतप्रमुखांना मध्ये घालतात, वर्ष-दोन वर्षं घासाघीस करतात. बाहेरून हा ढिसाळपणा वाटतो आणि कधी कधी तो असतोही.

कॅनन लॉ सगळीकडे एकच असला तरी शाळेला पैसा कोण देतं यावरून मंडळाची ताकद देशोदेशी बदलते. इंग्लंड आणि वेल्समध्ये बिशप परिषदेच्या वतीनं कॅथलिक एज्युकेशन सर्व्हिस काम करते. तिची मुळं १८४७ मध्ये गरीब कॅथलिक मुलांच्या शाळांसाठी स्थापन झालेल्या समितीत आहेत. १९४४ च्या शिक्षण कायद्यानं तिथे एक तडजोड झाली. शाळेचा चालू खर्च सरकारचा, इमारतीच्या खर्चातला एक वाटा चर्चचा, आणि त्या बदल्यात नियामक मंडळात बिशपांनी नेमलेल्यांचं बहुमत. त्या जोरावर तिथल्या बिशपांना मुख्याध्यापक, उपमुख्याध्यापक आणि धर्मशिक्षण विभागप्रमुख हे आचरणानं कॅथलिक असले पाहिजेत, असा आग्रह धरता येतो. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये १९१८ च्या कायद्यानं कॅथलिक शाळा सरकारी व्यवस्थेत गेल्या. शाळा सरकारची, पगार सरकारचा, पण शिक्षकाची श्रद्धा आणि चारित्र्य यांना मान्यता देण्याचा हक्क चर्चनं आपल्याकडे ठेवून घेतला. माझ्या मते चर्चनं केलेल्या सौद्यांतला हा सर्वांत हुशार सौदा.

ऑस्ट्रेलियातली मंडळं बहुधा सगळ्यात बलवान म्हणावी लागतील. देशातलं साधारण दर पाचवं मूल कॅथलिक शाळेत जातं, आणि सरकारी अनुदान बऱ्याच अंशी शाळेच्या खात्यात थेट न जाता कॅथलिक शाळांच्या व्यवस्थेकडे एकत्र जातं. मग ती व्यवस्था गरज पाहून वाटप करते. ज्याच्या हातात वाटप त्याच्या पत्राला उत्तर लगेच येतं. हे अनुदान सहज मिळालेलं नाही. १९६२ मध्ये न्यू साउथ वेल्समधल्या गोलबर्न गावात सरकारनं एका कॅथलिक शाळेला जादा स्वच्छतागृहं बांधायला सांगितली आणि त्यासाठी पैसे द्यायला नकार दिला. तिथल्या कॅथलिकांनी गावातल्या आपल्या सगळ्या शाळा बंद केल्या आणि सुमारे २,००० मुलं सरकारी शाळांच्या दारात प्रवेशासाठी उभी केली. तितक्या जागा सरकारी शाळांत अर्थातच नव्हत्या. संप आठवडाभरात मिटला, पण कॅथलिक शाळा बंद पडल्या तर सरकारवर किती भार येईल, हे साऱ्या देशाला दिसलं आणि पुढच्या काळात अनुदानाची दारं उघडली.

अमेरिकेत याच्या अगदी उलट. १८८४ च्या बाल्टिमोर इथल्या बिशपांच्या परिषदेनं प्रत्येक धर्मग्रामाला दोन वर्षांत शाळा काढायला सांगितलं आणि लोकांनी वर्गणी, फी आणि सिस्टरांच्या जवळजवळ फुकटच्या श्रमावर त्या काढल्याही. १९६० च्या दशकात तिथल्या कॅथलिक शाळांत ५० लाखांहून जास्त मुलं होती. आज ती १७ लाखांच्या आसपास आहेत. सिस्टर कमी झाल्या, पगारी शिक्षक आले, फी वाढली, कॅथलिक कुटुंबं शहरांतून उपनगरांत गेली. तिथली नॅशनल कॅथलिक एज्युकेशनल असोसिएशन ही १९०४ पासूनची संस्था आकडेवारी, प्रशिक्षण आणि मानकं पुरवते. हुकूम चालवत नाही. निर्णय प्रत्येक धर्मप्रांताच्या शाळा अधीक्षकांकडे, आणि त्यांच्या टेबलावर अलीकडे सर्वाधिक येणारा विषय म्हणजे कोणती शाळा बंद करायची आणि कोणती दुसरीत विलीन करायची. कॅनडातल्या ऑन्टॅरिओमध्ये तर कॅथलिक शाळा मंडळाचे सदस्य निवडणुकीत निवडून येतात. बिशपांचा प्रभाव असतो, पण सदस्य उत्तरदायी असतात मतदारांना.

भारतात राज्यघटनेचं कलम ३० अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क देतं. मात्र १९५८ च्या केरळ शिक्षण विधेयक प्रकरणातच सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलं की चालवण्याच्या हक्कात गैरकारभाराचा हक्क येत नाही. शिवाय हा हक्क अल्पसंख्याक समाजाचा आणि त्यानं स्थापलेल्या संस्थेचा आहे. धर्मप्रांताच्या मंडळानं दुसऱ्या संघाच्या शाळेत ढवळाढवळ करण्यासाठी कलम ३० पुढे केलं तर ते टिकणार नाही. अनुदानित शाळेत शिक्षकावर कारवाई करायची असेल तर राज्याचे सेवानियम पाळावेच लागतात. चर्चच्या कार्यालयातलं ‘काढून टाका’ असं पत्र त्या नियमांची जागा घेऊ शकत नाही, आणि असं पत्र हातात घेऊन न्यायालयात गेलेलं व्यवस्थापन बहुधा तोंडघशी पडतं.

मग मंडळातली माणसं रोज करतात काय? बरंचसं काम नीरस आहे. नवा सरकारी नियम आला की तो शाळांना समजेल अशा भाषेत लिहून पाठवणं, नमुना करारपत्रं तयार ठेवणं, प्रवेशाचे निकष कायद्यात बसतात का पाहणं, मुख्याध्यापकांची प्रशिक्षणं, जमिनीच्या कागदांचा माग काढणं. शंभर वर्षांपूर्वी कोणा फादरच्या वैयक्तिक नावावर झालेलं खरेदीखत हा तर स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. धर्मप्रांताची जमीन ठरावीक रकमेच्या वर विकायची तर कॅनन लॉप्रमाणे बिशपांच्या वित्त परिषदेची संमती लागते. धर्मसंघांसाठी वेगळी कलमं आहेत आणि मोठ्या व्यवहारात परवानगी थेट रोमकडून घ्यावी लागते. शाळेच्या मैदानावर बिल्डरचा डोळा असल्याची कुजबुज ऐकू आली की हा मुद्दा आठवा. मंडळाला त्या व्यवहारात काही म्हणता येतं की नाही, ते पुन्हा मालकीवर.

कामाचा दुसरा भाग म्हणजे सरकारशी बोलणी. एकेकट्या शाळेला मंत्रालयात कोणी विचारत नाही. हजारो शाळांच्या वतीनं बोलणाऱ्याला खुर्ची मिळते. याचं चांगलं उदाहरण इंग्लंडमधलंच. २०१० नंतर तिथे नव्या धर्तीच्या सरकारी अनुदानावरच्या शाळा निघू लागल्या, पण अट अशी की जागा कमी पडल्या तर निम्म्याहून जास्त प्रवेश धर्माच्या आधारे देता येणार नाहीत. कॅथलिक मुलाला तो कॅथलिक आहे या कारणावरून कॅथलिक शाळेतच प्रवेश नाकारावा लागेल, हे आम्हाला मान्य होण्यासारखं नाही, असं सांगून चर्चनं त्या प्रकारच्या शाळा काढायचंच नाकारलं. अट उठण्याची वर्षानुवर्षं वाट पाहिली, आणि २०१८ मध्ये सरकारनं ती कायम ठेवल्यावरही भूमिका बदलली नाही. असा एकमुखी नकार देता येणं ही मंडळ असण्याची खरी किंमत. हाच नकार गैरकॅथलिक पालकाला संकुचित वाटू शकतो, हेही खरं. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या शाळेनं कोणाला आधी घ्यावं हा वाद तिथे संपलेला नाही आणि लवकर संपेल असं मला दिसत नाही.

तपासणीबद्दल थोडक्यात. इंग्लंड आणि वेल्समध्ये कॅथलिक शाळांची धर्मविषयक तपासणी सरकारी निरीक्षक करत नाहीत. २०२२ पासून त्यासाठी कॅथलिक स्कूल्स इन्स्पेक्टरेट ही सामाईक यंत्रणा आहे. ती शाळेचं कॅथलिक जीवन, धर्मशिक्षण आणि सामूहिक प्रार्थना यांना श्रेणी देते आणि अहवाल प्रसिद्ध करते. बऱ्याच ठिकाणी मात्र बिशपांची भेट म्हणजे स्वागतगीत, पुष्पगुच्छ, एक नाटुकलं आणि जेवण. अशा भेटीत काहीही कळत नाही. मी भेटीला गेलो की मुख्याध्यापकांच्या दालनाआधी शिपायाशी बोलायचो, ग्रंथालयाची नोंदवही मागायचो, आणि फी थकलेल्या मुलांची यादी कोणाकडे असते ते विचारायचो. ती यादी वर्गात वाचून दाखवली जाते असं कळलं, तर त्या शाळेच्या भिंतीवरच्या बायबलवचनांबद्दल अहवालात लिहिण्याची गरज उरत नाही.

आता सगळ्यात गंभीर भाग, मुलांची सुरक्षितता. वर सांगितलेली मालकीची आणि अधिकाराची गुंतागुंत इथे जीवघेणी ठरते, कारण प्रत्येकाला दुसऱ्याकडे बोट दाखवता येतं. आयर्लंडमधल्या ओ’कीफ खटल्यात हे उघडं पडलं. १९७३ मध्ये एका राष्ट्रीय शाळेत मुख्याध्यापकानं एका मुलीवर लैंगिक अत्याचार केले. त्याच्याविरुद्ध एका पालकानं १९७१ मध्येच शाळेचे व्यवस्थापक असलेल्या स्थानिक धर्मगुरूंकडे तक्रार केली होती. ती सरकारपर्यंत पोचलीच नाही. पगार सरकार देत होतं, आश्रयदाते बिशप होते, रोजचा कारभार धर्मगुरूंकडे. सरकार म्हणालं, तो आमचा नोकर नव्हता, आणि आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये ते मान्यही केलं. शेवटी २०१४ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं सरकारला जबाबदार धरलं : मुलांचं शिक्षण बिगरसरकारी हातांत सोपवलं म्हणून त्यांच्या रक्षणाची जबाबदारी सोपवता येत नाही. तो मुख्याध्यापक दरम्यान राजीनामा देऊन दुसऱ्या शाळेत गेला होता आणि निवृत्त होईपर्यंत शिकवत राहिला होता.

त्यामुळे अत्याचाराची शंका असेल तर मंडळाची पायरी चढूच नका, आधी पोलिसांकडे जा. भारतात मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा २०१२ चा पोक्सो कायदा अशी माहिती असलेल्या प्रत्येकावर ती कळवण्याचं बंधन घालतो, आणि संस्थेच्या प्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाबद्दलची माहिती दडवली तर त्याला अधिक कडक शिक्षा आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये चर्चअंतर्गत तक्रारीचे नियम घालून दिले, पण ते मुख्यतः धर्मगुरू आणि व्रतस्थांविरुद्धच्या तक्रारींसाठी आहेत. शाळेतल्या सर्वसामान्य शिक्षकाचं प्रकरण त्यांत बसत नाही. ‘आधी आम्ही अंतर्गत चौकशी करतो’ असं मंडळातून कोणी म्हणालं, तर त्यांना ते लेखी द्यायला सांगा. बहुतेक वेळा सूर तिथेच बदलतो.

इतर तक्रारींसाठी मार्ग असा. शिक्षण खात्याच्या कक्षेतलं जे असेल, म्हणजे फी, पगार, मान्यता, निकाल अडवून ठेवणं, ते खात्याकडेच न्या. मंडळाला केवळ प्रत द्या. धर्मशिक्षण, शाळेची कॅथलिक ओळख, धर्मप्रांताच्या शाळेतली नेमणूक वा बदली, मुख्याध्यापकांची मनमानी, या गोष्टींत मंडळ उपयोगी पडतं, पण शाळा धर्मप्रांताची असेल तरच पटकन. संघाच्या शाळेबाबत पत्र थेट प्रांतप्रमुखांना लिहा आणि प्रत मंडळाच्या सचिवांना. उलटं केलंत तर ते पत्र महिनाभर या कार्यालयातून त्या कार्यालयात फिरतं. पत्र एका पानाचं असू द्या, त्यात तारखा असू द्या, आणि तुम्हाला नेमकं काय हवं आहे ते पहिल्या चार ओळींत येऊ द्या. बिशपांच्या दयाळूपणाविषयी दोन परिच्छेद लिहून मग मुद्द्यावर येणारी पत्रं आम्ही शेवटून वाचायचो.

शाळा नेमकी कोणाच्या मालकीची आहे हे विश्वस्त संस्थेच्या नोंदणीत सापडतं. मुख्याध्यापक ते सांगायला टाळाटाळ करत असतील, तर धर्मादाय आयुक्तांच्या किंवा तुमच्या राज्यातल्या तशाच कार्यालयात अर्ज करून नोंदणीचा उतारा काढता येतो. पहिलं पत्र लिहिण्याआधी तो काढा, म्हणजे कोणाच्या नावानं लिहायचं हे तरी पक्कं होईल.